मधला तुकडा

सुलाबाईंबद्दल लिहायचं तर आधी माझ्याबद्दल थोडं वाईट लिहावं लागेल. इलाज नाही.

मी मुकुल. साताऱ्यात शनिवार पेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी आणि पासपोर्ट फोटोंवर पोट चालतं, डोंगरदऱ्यांच्या फोटोंवर मन चालतं. दोन वर्षांपूर्वी महाबळेश्वरच्या एका नव्या हॉटेलनं मला चाळीस फोटोंचं काम दिलं. प्रत्येक खोलीत एक, फ्रेम करून. मालकाची अट एकच होती, पावसाळ्यात टिकलं पाहिजे. महाबळेश्वरचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला या अटीचं वजन कळेल. तिथं चार महिने कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते.

फोटो झकास आले होते. घोडं अडलं ते फ्रेमपाशी. साताऱ्यातल्या दुकानदारानं सांगितलेल्या भावात फोटोपेक्षा चौकटच महाग पडत होती. ऑनलाइन नमुन्याला पाच मागवल्या, तर दोन फ्रेमांच्या काचा फुटून आल्या आणि उरलेल्यांचं लाकूड म्हणजे कागद चिकटवलेला भुसा. मग कराड झालं, कोल्हापूर झालं. जिथं माल चांगला तिथून मी भाव ऐकून उठायचो, आणि जिथं भाव बरा तिथून माल बघून.

सगळ्यात मोठं रडगाणं माउंटचं. फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची पांढरी चौकट असते ना, ती म्हणजे माउंट. बघणाऱ्याला वाटतं, शोभेला लावलीय. खरं तर तिच्यामुळं फोटो काचेला टेकत नाही. टेकला की दमट हवेत चिकटतो, आणि चिकटला की कामातून गेला. त्या पुठ्ठ्याला आतल्या बाजूनं तिरपा काप द्यावा लागतो, आणि तो हातानं सरळ देणारा माणूस हल्ली शोधून सापडत नाही. शेवटी कराडचा एक फ्रेमवालाच माझ्या घासाघिशीला कंटाळून म्हणाला, "सांगलीला जावा. गणपती पेठेच्या मागल्या बोळात सुलाबाई हाय. तिच्याएवढ्या स्वस्तात तसला काप कोन देनार न्हाई. पन बाई जरा निराळी हाय."

समोर हळदीचं गोदाम, आणि त्याच्या तोंडाला तोंड लावून सुलाबाईंचं दहा बाय दहाचं दुकान. उंबऱ्यावर ओलं पोतं अंथरलेलं, धूळ आत येऊ नये म्हणून. साठीची काटक बाई, चष्म्याच्या काड्यांना दोरा बांधून तो गळ्यात अडकवलेला. मी फोटोंचं पुडकं पुढं केलं तर हात लावेनात. कोपऱ्यातली बादली दाखवून म्हणाल्या, "हात धुवा आदी. ह्या गल्लीत हळदीचं बोट काचंच्या आत गेलं, की जलमभर तिथंच बसतंय."

मी चाळीस हजारांचा कॅमेरा हाताळणारा माणूस. जरा रागच आला. पण हात धुतले.

सुलाबाईंचा नवरा फ्रेमचं काम करायचा. तो गेल्यावर लोकांनी त्यांना दुकान भाड्यानं द्यायचा सल्ला दिला. यांनी नवऱ्याचं पातं उचललं आणि परसात बसून रद्दी पुठ्ठ्यावर सहा महिने काप द्यायचा सराव केला. डाव्या हाताच्या अंगठ्यावर त्या सहा महिन्यांच्या खुणा अजून आहेत. दुकानाच्या भिंतीवर त्यांच्या डोक्याच्याही वर एक तपकिरी रेघ होती. एकोणीस सालच्या महापुराची. सगळ्या गल्लीनं रंग देऊन आपापल्या रेघा बुजवल्या, यांनी ठेवली.

"पानी वसारल्यावर लोकं फ्रेमा घिऊन आली," त्या सांगत होत्या. "रडत हुती. मी एकेक उघडली. माउंट हुता त्यातलं लय फोटो वाचलं. न्हवता ते काचंला चिकाटलेलं, सोडवाय गेलं की तोंडच निगून यायचं. देवांचं फोटो परत मिळत्यात, दादा. मानसांचं न्हाई."

मग त्यांनी भाव सांगितला. इतका कमी, की मला संशय आला. त्यांनीच उलगडा केला. माउंट कापला की मधून पुठ्ठ्याचा एक आयताकृती तुकडा सुटा होतो. चांगला, कोरा, जाड तुकडा. "त्यो मधला तुकडा माजा. म्हनून तुमाला मजुरी कमी. चालंल का?"

मी म्हणालो, "हो हो, घ्या की."

त्या तुकड्यांचं काय करतात तेही मी पाहिलं. एका पत्र्याच्या खोक्यात ते ठेवलेले असत. ज्यांचं माणूस गेलंय आणि घरात त्याचा एखादाच बोटभर फोटो आहे, अशी माणसं त्या गल्लीत बरीच यायची. हमाल, भाजीवाल्या, माण तालुक्यातून मेंढरं घेऊन आलेले धनगर. त्यांच्या फोटोला सुलाबाई त्या तुकड्यातून माउंट कापून द्यायच्या आणि त्याचा एक रुपया घ्यायच्या नाहीत. फक्त फ्रेमची लाकडी पट्टी आणि काच यांचेच पैसे. मागच्या बाजूला पेन्सिलीनं त्या माणसाचं नाव लिहायच्या, सावकाश, शाळेतल्यासारखं.

मे महिन्याच्या शेवटी मी फ्रेमा न्यायला गेलो. चाळीसच्या चाळीस भिंतीला टेकवून ठेवलेल्या. काप असे सरळ, की मी बोट फिरवून पाहिलं. दुकानाच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. राहीबाई तिचं नाव. नवरा समोरच्याच गोदामात हळदीची पोती वाहायचा, वर्षापूर्वी गेला. दुसऱ्या दिवशी त्याचं वर्षश्राद्ध होतं, म्हणून फोटो फ्रेम करायला आली होती. पत्त्याएवढा फोटो, तरुणपणी जत्रेत काढलेला, फेटा बांधून. तो तिनं दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला होता.

मला इन्स्टाग्रामवर टाकायला फ्रेमांचा एक फोटो हवा होता. म्हातारी मध्ये येत होती. मी म्हणालो, "मावशी, जरा बाजूला सरकता?" ती लगबगीनं उठून बाजूला झाली, वर "व्हय बाबा, व्हय" म्हणाली, जणू चूक तिचीच.

फोटो काढला आणि माझी नजर पत्र्याच्या खोक्याकडं गेली. माझ्या कामातले चाळीस तुकडे त्यात नीट रचले होते. चांगले हात-दीड हात लांबीचे. माझं डोकं चालायला लागलं. एका तुकड्यात चार पोस्टकार्डांचे माउंट निघतील. महाबळेश्वरच्या बाजारात पर्यटकांना छोटे फोटो विकता येतील. आणि पुठ्ठा तर माझ्याच पैशांचा!

"सुलाबाई, ते मधले तुकडे मी नेतो," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा वर केला. "ते माजं ठरलं हुतं न्हवं?"

"ठरलं होतं, पण मला लागणार आहेत. पुठ्ठ्याचे पैसे मीच दिलेत ना? हवं तर मजुरी थोडी वाढवून घ्या."

सुलाबाईंनी वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं, मी भांडायला तयारच होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "मजुरी नगं. येक तरी ठिवा दादा. ह्या बाईचं काम हाय. माज्याकडं दुसरा पुठ्ठा न्हाई आज."

एक तुकडा. चाळिसांतला एक. मला तो देता आला असता. का दिला नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. गरज नव्हतीच. मला वाटलं, एक दिला की आपण चूक कबूल केल्यासारखं होईल. हिशेबात मी बरोबर आहे, एवढं मला दाखवायचं होतं. मी म्हणालो, "नाही हो, मोजून लागतात." आणि सगळे गाडीत टाकले. निघताना आरशात म्हातारी पुन्हा पायरीवर बसताना दिसली.

हॉटेलवाला खूश झाला. तुकड्यांचं मात्र काहीच झालं नाही. पोस्टकार्डांचं खूळ आठवड्यात उतरलं आणि ते स्टुडिओतल्या कपाटावर जाऊन पडले.

दिवाळीनंतर दुसऱ्या एका कामासाठी पुन्हा सांगलीला गेलो. महाबळेश्वरचे फोटो पावसाळाभर कसे राहिले ते मी मोठ्या कौतुकानं सांगत होतो. एकालाही डाग नाही. सुलाबाईंनी ऐकून घेतलं, मग टेबलाखालून एक छोटी फ्रेम काढून माझ्यासमोर ठेवली. आत एक फेटा होता, एक कान, अर्धी मिशी. बाकीच्या जागी कागदाचा पांढुरका ओरखडा.

"त्या राहीबाईचा मालक. तिला दुसऱ्या दिवशी पायजे हुता. मी कागदाच्या पट्ट्या कडंनं लावल्या आन् दिला करून. म्हनलं, पंदरा दिसानं आना, पुठ्ठा घालून देते. ती पावसात आलीच न्हाई. भिताड वल्लं हुतं, पट्ट्या दबल्या, फोटू काचंला टेकला. आता सोडवाय आनला, तर ह्ये असं."

मी विचारलं, "दुसरा फोटो? आधार कार्डावरचा?"

"त्यो बगून ती म्हनती, ह्यो आमचा न्हवंच." सुलाबाईंनी फ्रेम उलटी केली. मागं पेन्सिलीनं लिहिलं होतं, नाथाजी. "चूक माजीच हाय. मला ठावं असून मी काम घ्यायला नगं हुतं."

त्यांनी शिवी दिली असती तर मी झेलली असती. त्या स्वतःलाच दोष देत होत्या, आणि मी समोर उभा राहून तो त्यांना घेऊ देत होतो. माझे चाळीस डोंगर सुरक्षित होते. त्यांतला एखादा खराब झाला असता तर मी पाच मिनिटांत दुसरा छापला असता. ज्याची दुसरी प्रत जगात कुठंच नव्हती, त्याचा पुठ्ठा माझ्या कपाटावर धूळ खात होता.

साताऱ्याला पोचल्या पोचल्या मी मोबाईल उघडला. त्या दिवशी मी दुकानात फोटो काढला होता, आणि राहीबाईच्या ओंजळीत नाथाजी होता. बोटभर जरी आला असला तरी मोठा करता येईल, चेहरा नीट करता येईल, हे माझं रोजचं काम आहे. फोटो सापडला. फ्रेमा छान आल्या होत्या. डाव्या कडेला राहीबाईच्या हिरव्या लुगड्याचा काठ होता, बस. मीच तिला बाजूला सरकायला सांगितलं होतं. स्क्रीनवर तो काठ मी किती वेळ मोठा करत राहिलो, सांगता येत नाही. लाज वाटली. अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी चाळीस तुकडे पुसले, गाडीत घातले आणि सांगली गाठली. सुलाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "हात धुवा," म्हणाल्या. मग त्यांनी शेजारच्या पोरीला पाठवून राहीबाईला बोलावून घेतलं.

ती येईपर्यंत त्यांनी सगळ्यात वरचा तुकडा घेतला. फोटोवर कागद ठेवून बराच वेळ नुसतं मोजत राहिल्या. मग पातं चालवलं. जेवढा नाथाजी उरला होता तेवढीच खिडकी त्यांनी पुठ्ठ्यात कापली. फेटा, कान आणि मिशीचं टोक. गेलेला सगळा भाग पांढऱ्या पुठ्ठ्याखाली झाकला गेला. खिडकी एका बाजूला होती, तरी बघणाऱ्याला वाटावं की मुद्दामच तशी केलीय, माणूस जरा वळून बघतोय.

राहीबाईनं फ्रेम हातात घेतली. डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.

"ह्येच," ती म्हणाली. "त्येंचा कान असाच हुता, वर जरा दुमडल्याला. आता कसं ब्येस बसल्यात." तिनं बोटानं पुठ्ठा चाचपला. "लय भारी पुठ्ठा हाय गं सुला. कितीचा?"

"ह्या सातारच्या दादांनी दिलाय," सुलाबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडं पाहत थांबल्या.

ती वेळ होती. सगळं सांगून टाकायला एक वाक्य पुरलं असतं. मी तोंड उघडलंही.

तेवढ्यात राहीबाई पुढं आली. मी तोच, बाजूला सरकायला लावणारा, हे तिच्या ध्यानातही नव्हतं. तिनं माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "कुनाचा कोन तू, सातारचा," ती म्हणाली, "पन आमच्या मालकास्नी बसायला जागा दिलीस बाबा."

सुलाबाई अजून माझ्याकडंच बघत होत्या.

"असू दे मावशी," मी म्हणालो, "एका तुकड्याचं काय एवढं!"