सेनदा त्या दुपारी मशीनपाशी आले होते

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. माझा विश्वासच नाही. सगळी नोकरी कॉम्प्युटरवर झाली. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतं आणि ते सापडेपर्यंत घरी जायचं नसतं, एवढंच मला कळतं. तरीही आज हे लिहितेय... कारण या एका गोष्टीचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. ह्यांचं पोस्टिंग बराकपूरला होतं आणि मला कलकत्त्यात एस्प्लनेडजवळच्या एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये नोकरी लागली होती. हॉलभर पसरलेलं एकच मशीन. धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर काढून आत जायचं. माझे सीनियर सेनदा. मला सगळं काम त्यांनी शिकवलं, माझ्या मोडक्या बंगालीला हसत हसत.

त्या वर्षी सेनदा पोटाच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलमध्ये दाखल झाले आणि नेमकं त्यानंतर आमचं मशीन बसलं. लोडशेडिंग तर रोजचंच, पण त्या दिवशी काम चालू असताना वीज गेली आणि परत आल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम सुरूच होईना. दिवे लागायचे, डिस्क फिरायची आणि थोड्या वेळात सगळं जागच्या जागी थिजायचं. इंजिनियर येऊन गेला. त्याच्या सगळ्या टेस्ट पास. ‘हार्डवेअर ठीक आहे, सिस्टिम नव्याने टाका,’ म्हणाला.

नव्याने टाकायची म्हणजे टेपवरून सगळी सिस्टिम डिस्कवर उतरवायची, मशीनची माहिती पंच केलेल्या कार्डांवरून द्यायची आणि वाट बघत बसायचं. अर्ध्यात वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. मी किती वेळा केलं ते आता आठवतही नाही. दर वेळी त्याच जागी अडकायचं. त्यात मुलांच्या बोर्डाचे निकाल आमच्याकडेच छापायचे होते. आधीच उशीर झालेला. फाटकाशी रोज मुलं आणि त्यांचे आईबाप उभे असायचे. एक बाई मला रोज विचारायची, ‘दीदी, आज होबे?’ — आज होईल का? मी मान खाली घालून आत शिरायचे. घरी पोचल्यावर तर जेवायचंही त्राण नसायचं.

त्या दुपारी वीज नुकतीच आली होती. एसी अजून थंड व्हायचा होता. पुन्हा कार्डं लावायची म्हणून मी उठले, तर सेनदा मशीनच्या कन्सोलपाशी उभे. नेहमीसारखे, हात पाठीमागे बांधून. खरं सांगते, मी दचकलेसुद्धा नाही. इतकी थकले होते की हे इथे कसे, हा प्रश्नच डोक्यात आला नाही. ‘बसा ना सेनदा,’ म्हणत मी खुर्ची ओढली. ते बसले नाहीत. दिव्यांकडे बघत म्हणाले,

‘पुरो मेमोरी दियो ना, शुभा। अर्धेक दाओ।’

म्हणजे, पूर्ण मेमरी देऊ नकोस, अर्धीच दे. म्हटलं, बरं. मी पंचिंग मशीनकडे वळले, मेमरी किती ते सांगणारं कार्ड बदलून पंच केलं आणि मागे बघते तर खुर्ची रिकामी. प्रिंटरपाशी आमचा ऑपरेटर घोष होता. तो म्हणाला, ‘दीदी, एकट्याच काय बोलताय? घरी जा आता.’

सिस्टिम सुरू झाली. पहिल्याच फेरीत.

घोष आनंदाने ओरडत बाहेर पळाला. मी मात्र त्या खुर्चीत बसून राहिले. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला... सेनदांचं ऑपरेशन आजच होतं.

पुढे इंजिनियरला मेमरीच्या वरच्या भागातला दोष सापडला. टेस्टमध्ये तो आला नव्हता. म्हणजे अर्धी मेमरी दिल्यावर मशीन का चाललं, ते समजलं. आणि त्या रात्री, मीच मनात कुठेतरी तो विचार केला असेन, थकलेल्या डोक्याला सेनदा दिसले असतील, अशी मी स्वतःची समजूतही घातली होती. ती दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गेले. सेनदा नुकतेच शुद्धीवर आले होते, ओठ कोरडे, आवाज जेमतेम. मला बघून म्हणाले, ‘मेशिन चोलेछे?’ — चाललं का मशीन? मशीन बंद असल्याचं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. बौदींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ऑफिसचा विषयसुद्धा काढायचा नाही अशी सगळ्यांना तंबी दिली होती. मी नुसती मान हलवली. मग ते हळूच म्हणाले, ‘तू खुर्ची दिलीस. मला बसता येईना गं.’ आणि डोळे मिटले.

बौदी माझ्यामागेच उभ्या होत्या. मला हाताला धरून त्यांनी बाहेर नेलं आणि काय ते खरं सांग म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. त्या बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, ‘काल ऑपरेशन चालू असताना ह्यांचं हृदय थांबलं होतं. डॉक्टरांनी मला सांगितलं, आशा धरू नका. दाराबाहेर बसून मी हाका मारत होते, शुभा. आणि हा माणूस... ऑफिसला गेला?’

बोलता बोलता त्यांना हसू आलं आणि हसता हसताच त्या रडायला लागल्या.

सेनदा बरे झाले, कामावरही आले. त्यांना काही आठवत नसावं, मीही कधी विषय काढला नाही. आमच्या बदलीच्या वेळी बौदी निरोप द्यायला आल्या होत्या. निघताना मला बाजूला घेऊन विचारलं, ‘त्या दिवशी... माझ्याबद्दल काही बोलले का गं?’

ते मेमरीबद्दल बोलले होते, तेवढंच. मी त्यांचे हात हातात घेतले.