आठवड्याच्या बोलीवर

ओवालाउ बेटावरची तोरिका ऑस्ट्रेलियातल्या त्या ऊसपट्ट्यात वृद्धाश्रमाच्या कामावर आली, ती करार संपला की फिजीला परत जायचं ठरवूनच. करार संपला, वाढला, पुन्हा वाढला. तिचं राहणं मात्र आठवड्याच्या बोलीवरच राहिलं. शनिवारी भाडं द्यायचं आणि पुढच्या शनिवारपर्यंत निर्धास्त. निर्धास्त तरी कसलं! गळीत हंगाम तोंडावर आला की कारखान्याचे फिटर नि ट्रकवाले गावात उतरत, वाटेल ते भाडं देत, आणि घरमालक दारात डोकं खाजवत उभा राही. "तोरिका, तुझी कुठेतरी सोय होईल ना?"

सोय व्हायची. एकदा मोटेलच्या मागच्या खोलीत, एकदा चर्चमधल्या कुणाच्या गॅरेजमध्ये, एकदा तीन परिचारिकांच्या बिऱ्हाडात. कुठेही गेली तरी ती भिंतीला खिळा ठोकत नसे, दारात कुंडी ठेवत नसे. वर्षाचा करार कर, असं कुणी म्हटलं की ती विषय बदलायची. वर्षाने घर घेतलं म्हणजे इथे राहायचं ठरवलं. आणि ते तिने ठरवलं नव्हतं. उद्या उठून जाता यावं, एवढीच तिची अट होती. ती स्वतः गेली मात्र कधीच नाही.

तिची लेक आसेना गावी तोरिकाच्या थोरल्या बहिणीजवळ, लितियानाजवळ वाढत होती; लितियानाला ती थोरली आई म्हणायची. दर रविवारी प्रार्थनेनंतर फोन व्हायचा. "आई, कधी येणार?" "पुढच्या वर्षी बघू." मग एका रविवारी आसेनाने विचारलंच नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. शाळेचं सांगितलं, डुकराला पिल्लं झाली ते सांगितलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून तोरिकाची झोप उडाली. मुलीला इकडे आणायची परवानगी आश्रमाने मिळवून दिली होती. पण त्यासाठी राहायची पक्की जागा दाखवायला हवी होती, आणि आठवड्याची खोली म्हणजे काही जागा नव्हे.

"काय गं खेकडे," सेमी म्हणाला. सेमी तिचा आतेभाऊ, कारखान्यात क्रेन चालवायचा. आते-मामे भावंडांनी एकमेकांची टर उडवायची ही त्यांच्याकडची रीत. नाही उडवली तर रुसवा. "शंखातला खेकडा अंगाने वाढला की शंख बदलतो. तू नुसतीच बदलतेस."

"तू बोलू नकोस. तुझ्या घरात नऊ माणसं नि एक संडास. मी घर घेतलं की पहिली पथारी तुझीच पडेल."

"पडणारच! आतेभावाला नाही म्हणशील? गावात तोंड दाखवायची सोय राहील का तुझी?"

ती हसली. पण यात खोटं काही नव्हतं. घर झालं की माणसं येणार, आणि आलेल्याला कधी जाणार हे विचारायचं नसतं.

त्याच सुमारास लुईजाचा निरोप आला. लुईजा म्हणजे इटालियन घराण्यातली, उसाच्या मळ्यावर म्हातारी झालेली बाई. तिचा नवरा रेंझो तोरिकाच्याच आश्रमात वारला होता. मळ्यातलं सासूचं जुनं दोन खोल्यांचं घर रिकामं पडलं होतं.

"आठवड्याने हवं तर आठवड्याने घे," लुईजा फोनवर म्हणाली. "पण मग हंगामात माझा पुतण्या ते फिटर लोकांना देईल, मी त्याला अडवणार नाही. वर्षाने घेतलंस तर तुला कुणी उठवणार नाही. मात्र वर्ष म्हणजे वर्ष. मध्येच उठून गेलेलं मला चालायचं नाही. ये, बघ आणि सांग."

तोरिकाने आठवड्यानेच घ्यायचं ठरवलं. हंगामाचं हंगामात बघू. निघताना तिने यांगोनाच्या, म्हणजे गावी मानाचं पेय करतात त्या झाडाच्या, सुक्या मुळांची जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून बरोबर घेतली. आधीच्या खोल्यांना तिने असलं काही नेलं नव्हतं. त्या नुसत्या भाड्याच्या जागा होत्या. इथे लुईजाची स्वतःची जमीन होती, तिच्या माणसांनी लावलेले आंबे होते. कुणाच्या जमिनीवर रिकाम्या हाताने पाय ठेवायचा नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

लुईजाने स्वयंपाकघराचं दार उघडलं. तोरिका आत गेली आणि सवयीने खाली बसली. जुडी पुढे ठेवली, डोकं वाकवलं, आणि तोंडातून आपसूक तेच शब्द बाहेर पडले, जे तिचे वडील परक्या गावच्या मुख्यासमोर म्हणायचे. आम्ही तुमच्या सावलीला आलो आहोत, आम्हाला आपलं म्हणा. तिने ओंजळ करून टाळ्या वाजवल्या, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. या शब्दांत आठवड्याला जागाच नव्हती.

"अगं ऊठ, फरशी गार आहे! खुर्च्या काय शोभेला ठेवल्यात?" लुईजाने जुडी उचलून हुंगली. "मिरीसारखा वास येतो. हे मला?"

"तुम्हाला. इथे राहायची परवानगी मागताना द्यायचं असतं."

लुईजाने जुडी दोन्ही हातांनी छातीशी धरली. "घेतली. आता सांग, आठवडा की वर्ष?"

तोरिकाला सोडायला आलेला सेमी दारात उभा होता. त्याचा चेहरा पडला. तो आपल्या भाषेत पुटपुटला, "हे काय करून बसलीस? आठवड्याच्या भाड्याला कुणी असं पायाशी बसतं? आता जाताना निरोपसुद्धा असाच मागावा लागेल."

"तोंडातून गेलं."

"गेलं ते गेलं. आणि तिने घेतलंही."

लुईजाला यातलं काही कळलं नव्हतं. आठवडा म्हटलं असतं तरी तिने चहाच टाकला असता. सेमीनेही ही गोष्ट चार दिवस चघळून सोडून दिली असती. तोरिकाचे तळहात मात्र अजून गरम होते. उठून पळावं असं तिला वाटलं, तरी ती बसूनच राहिली.

"वर्ष," ती म्हणाली. आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला.

रविवारी तिने नव्या घरातून फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं.

"म्हणजे तू येणार नाहीस," आसेना म्हणाली.

नेहमीचं उत्तर जिभेवर आलं होतं. तोरिकाने ते गिळलं. "या वर्षी नाही. तू ये."

मागे लितियानाचा आवाज येईना, तेव्हा तोरिकाने विचारलं,

"थोरली आई कुठे आहे?"

"बाहेर गेली. केळींना पाणी घालायला."

"आत्ता?"

"हो. पाऊस पडतोय तरी." आसेनाचा आवाज बारीक झाला. "तिला एकटीला कसं सोडू?"

राहायचं की जायचं, हा जो प्रश्न तोरिका स्वतः इतकी वर्षं शनिवार ते शनिवार टाळत आली, तोच आता लेकीच्या तोंडून आला होता.

"मला विचार करू दे," आसेना म्हणाली. "किती दिवसांत सांगू?"

"कर विचार. घाई नाही. घर वर्षभर आहे."

फोन ठेवून ती या खोलीतून त्या खोलीत गेली, पुन्हा परत आली. खिडकी उघडली, लावली, उघडली. बाहेर वाऱ्यावर ऊस सळसळत होता. कुठे बसावं, ते तिला कळेना.