अर्थ माझी मी लावीन

आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली सूचनाफलक होता. मी कोथरूडला भाड्यानं राहायला आलो त्याच आठवड्यात, हिंजवडीची कंपनीची बस गाठायला घाईनं उतरत असताना, फलकाशेजारी पांढरी काठी घेऊन उभ्या असलेल्या एका बाईंनी मला थांबवलं. वय पन्नाशीच्या पुढचं. सुती साडी, घट्ट वेणी.

"अहो, आज नवीन कागद लावलाय ना? जरा वाचून दाखवता?"

मी फलकावर नजर टाकली आणि म्हणालो, "उद्या पाणी येणार नाही."

"असं लिहिलंय, की असा अर्थ आहे?"

मग मी खरोखर वाचलं. "तांत्रिक कारणास्तव उद्या सकाळी पाणीपुरवठा कमी दाबाने होण्याची शक्यता आहे."

"बघा. म्हणजे पाणी येणार आहे. तुम्ही तर नळच तोडलात." त्या हसल्या नाहीत. "आपण फक्त वाचायचं. अर्थ माझी मी लावीन."

बस चुकली. नलिनीताईंशी माझी ओळख झाली ती अशी.

त्या तळमजल्यावर थोरल्या भावाकडे राहत. भावाला सगळी सोसायटी दादा म्हणे. दादा, वहिनी, त्यांची कॉलेजात जाणारी मुक्ता आणि ताई, असं चौघांचं घर. ताईंची दृष्टी लहानपणी तापात गेली होती. एका बँकेच्या मुख्य कचेरीत त्यांनी बावीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर म्हणून काम केलं. दोनशेच्या वर अंतर्गत नंबर तोंडपाठ. पुढे बँकेत आपोआप फोन जोडणारं यंत्र आलं, आणि ताईंना खुर्ची राहिली, काम राहिलं नाही. "तीन वर्षं नुसती बसवून ठेवली मला," त्या सांगत. "खुर्ची हवेनं उडून जाऊ नये म्हणून." मग स्वेच्छानिवृत्तीची योजना निघाली तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी अर्ज दिला.

ऑपरेटरची एक सवय मात्र सुटली नव्हती. माणसाला त्या त्याच्या गावाच्या नावानं हाक मारत. मी अमरावतीचा हे कळल्यापासून मी 'अमरावती' झालो. मी दार वाजवलं आणि नुसतं "ताई" म्हटलं की आतून आवाज येई, "हां, अमरावती, बोला."

संगणक त्या नोकरी सोडल्यावर शिकल्या. अंध मित्रमैत्रिणींच्या एका गटानं त्यांना लिनक्स बसवून दिलं होतं, कारण त्यात पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम फुकट मिळत असे. घरातला संगणक एकच, म्हणून त्याचे दोन वाटे केले होते. अर्ध्यात मुक्ताचं विंडोज, अर्ध्यात ताईंचं लिनक्स. सुरू केला की आधी 'कुठे जायचं' अशी यादी पडद्यावर येई. ती यादी मुकी होती, तिथे बोलणारं कोणी नसे. ताई मनात दहा अंक मोजत, खालचा बाण दोनदा दाबत, एंटर मारत आणि थांबत. थोड्या वेळानं एक नाकातला इंग्रजी आवाज बोलू लागे. मग त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला दिसे.

संगणक हॉलमध्ये, टीव्हीशेजारी होता, कारण इंटरनेटची तार तिथवरच येत होती. संध्याकाळी वहिनी म्हणत, "नली, तुझ्या साहेबाला जरा गप्प बसव गं, मालिका लागलीये." ताई निमूट बंद करत. वहिनी वाईट नव्हत्या. पण दिवसातून कितीदा तरी कोणाच्या तरी सोयीनं उठायचं, हे ताईंना जड जात असावं. त्यांची खोली मागच्या बाजूला होती. तिथवर तार ओढायला दादा तयार नव्हते. "पायात अडकून पडलीस म्हणजे?" यावर ताई काही बोलत नसत, कारण तो काळजीचा प्रश्न होता, आणि काळजीशी भांडता येत नाही.

अशात एका संस्थेनं त्यांना काम देऊ केलं. रेकॉर्ड केलेल्या मुलाखती ऐकून टाइप करायच्या. फाइली मेलनं येणार, मेलनंच पाठवायच्या. मुलाखती हॉलमध्ये, मालिकेशेजारी ऐकणं शक्य नव्हतं. ताईंनी मला बोलावलं.

"अमरावती, तार न ओढता इंटरनेट माझ्या खोलीत येईल का?"

दादांचा इंटरनेटचा नवा डबा वायरलेस होता. मी म्हणालो, "होऊन जाते ना ताई. यूएसबीत लावायचा एक छोटासा अडॅप्टर मिळतो. रविवारी बसवून देतो, टेन्शन नका घेऊ."

बोटाएवढी वस्तू मी आणली. संगणक ताईंच्या खोलीत हलवला. अडॅप्टरच्या खोक्यात विंडोजसाठीची सीडी होती, मुक्ताच्या बाजूनं जोडणी पहिल्या दमात झाली. लिनक्समध्ये मात्र अडॅप्टर मेल्यासारखा पडून राहिला. पडद्यावर भराभर ओळी सरकत, त्यात कुठे तरी चूक दाखवत. मी नेटवर शोधलं. अशा अडॅप्टरला जागं करायला संगणकानं त्याला एक छोटी फाईल भरवावी लागते. विंडोजमध्ये ती सीडीतून आपोआप येते, लिनक्समध्ये आपण ठरल्या नावानं ठरल्या जागी ठेवावी लागते. मी ती मिळवली, नाव हातानं टाइप केलं, ठेवली. तरी काही हालचाल नाही.

"काय म्हणतोय?" ताई विचारत.

"काही तरी एरर आहे."

"काही तरी, असं लिहिलंय?"

मी चिडलो होतो. माझं कंपनीतलं काम इतरांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचं, आणि इथे एक बोटाएवढी वस्तू मला दाद देत नव्हती. रागाच्या भरात मी इकडचं तिकडे केलं आणि मुक्ताचं विंडोजही अडखळायला लागलं. तिचा प्रकल्प दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. तिचा चेहरा पाहून मी घाबरलो आणि विंडोज नव्यानं बसवलं. तिच्या फाइली शाबूत राहिल्या. पण तसं करताना सुरुवातीची यादीच पुसली गेली. संगणक आता थेट विंडोजमध्ये जाऊ लागला. ताईंचं लिनक्स आतच होतं, पण त्याकडे जाणारी वाट बुजली होती.

ताईंनी खुर्चीवर बसून दहा अंक मोजले, बाण दोनदा दाबला, एंटर मारलं. विंडोजची सुरावट वाजली. पुढे काहीच बोललं नाही.

"अमरावती?"

"करतो ताई. उद्या करतो."

दुसऱ्या दिवसापासून कंपनीत धावपळ सुरू झाली. हे खरं होतं. पण आठ दिवसांत मला अर्धा तास मिळाला नाही, हे खरं नव्हतं. मी जिना चपला हातात घेऊन उतरत होतो. त्यांना चाहूल लागू नये म्हणून. एका अंध बाईला चुकवण्यासाठी मी जे केलं ते आठवलं की आजही मला कसंसंच होतं.

पुढच्या रविवारी सकाळी दादाच वर आले. "नली काही बोलत नाही. पण रोज त्या यंत्रापुढे बसते आणि उठते. तुम्ही जरा बघता का?" त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे मी जास्तच शरमलो.

ताईंनी ओरडायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "चहा घेतलात? मग बसा."

लिनक्सची सीडी टाकून ती यादी परत आणायला मला वीस मिनिटं लागली. आठ दिवस मी टाळलेलं काम वीस मिनिटांचं होतं. नाकातला आवाज खोलीत बोलू लागला तेव्हा ताई म्हणाल्या, "आता तो अडॅप्टर लावा. आणि ओळ थांबवून वाचा. जशीच्या तशी."

मी वाचलं. "फाईल सापडली नाही. आर टी यू बी डॉट बिन. पण ताई, फाईल आहे. मी स्वतः ठेवलीय."

"तुमचा स्वतःवर विश्वास आहे. त्याच्यावर का नाही? नाव अक्षर अक्षर वाचा."

"आर, टी... मध्ये एक रेघ आहे. यू, बी."

"रेघ कुठे? अक्षरांच्या मधोमध की खाली, ओळीवर?"

मी पडद्याजवळ वाकलो. "खाली."

"आणि तुम्ही ठेवलेल्या फाइलीच्या नावात?"

मी फाइलींची यादी उघडली. माझ्या नावातली रेघ मधोमध होती.

"मग तो बिचारा खरंच सांगत होता," ताई म्हणाल्या. "आठ दिवसांपूर्वीही हेच सांगत होता."

मी नाव सुधारलं, अडॅप्टर काढून पुन्हा लावला. हिरवा दिवा लुकलुकला. "लागलं, ताई! दिवा लागला!"

"दिव्याचं मला काय सांगता? सरका. मला मेल उघडू द्या."

त्यांनी स्वतः मेल उघडली. संस्थेच्या तीन मेल आल्या होत्या. नाकातला आवाज एकेक वाचू लागला. पहिलीत मुलाखत पाठवल्याचं होतं. दुसरीत आठवण. तिसरीत, आपल्याकडून उत्तर न आल्यामुळे हे काम दुसऱ्या व्यक्तीकडे सोपवत आहोत, असं होतं. आवाजाला चढउतार नव्हता. त्यानं ते वाक्य पाणीपुरवठ्याच्या सूचनेसारखं वाचलं आणि तो थांबला.

"ताई, हे माझ्यामुळे..."

"हो. तुमच्यामुळे."

स्वयंपाकघरात वहिनी पोळ्या लाटत होत्या, त्याचा आवाज येत होता. मग ताईंनी कीबोर्ड जवळ ओढला. "आता फाईल कुठून आणली, कुठे ठेवली, ती यादी कशी परत आणली, सगळं क्रमानं सांगा. मी टाइप करते. पुढच्या वेळी मला तुमची गरज लागता कामा नये."

दोन तास त्यांनी माझ्याकडून एकेक पायरी वदवून घेतली. मग सगळं पुसून, स्वतःच्या हातांनी, पहिल्यापासून करून पाहिलं. तिसऱ्या खेपेला मी खोलीबाहेर उभा होतो.

संस्थेला त्यांनी पत्र लिहिलं. त्यात माझं नाव नव्हतं, यंत्र बंद होतं एवढंच होतं. दीड महिन्यानं दुसरं काम मिळालं. त्या दिवसापासून सकाळी दहा ते एक ताईंच्या खोलीचं दार बंद राहू लागलं. वहिनींना आधी ते खटकलं. "आतून कडी कशाला?" त्या मला जिन्यात म्हणाल्या. मग सवय झाली. शेजारी कोणी आलं की त्या हळू आवाजात सांगायला लागल्या, "नली कामात आहे."

ती टिपणं ताईंनी अंध संगणकवाल्यांच्या एका मेल-गटावर टाकली. लोक मेलवर विचारू लागले, मग फोन करू लागले. त्यांच्या खोलीत फोन वाजे आणि त्या म्हणत, "हां, नांदेड, बोला. नाही, अडलंय असं नको. तो काय म्हणतोय ते ऐकवा. रिसीव्हर स्पीकरजवळ धरा." सोलापूरच्या एका मुलीला त्यांनी सलग चार दिवस फोनवरून वाट दाखवली. पाचव्या दिवशी तिचा आईसकट आभाराचा फोन आला, तर ताई म्हणाल्या, "आभार राहू दे. टिपून ठेवलंस का?"

पुढे तीन वर्षांनी, बँकेतल्या जुन्या मैत्रिणीबरोबर, हडपसरला एक छोटी जागा घेऊन राहायचं त्यांनी ठरवलं. दादांना ते फार लागलं. सामान बांधत होतो तेव्हा ते दारात उभे राहून म्हणाले, "आमचं काय चुकलं, ते तरी सांग."

"काही चुकलं नाही रे दादा. चुकलं असतं तर भांडून इथेच राहिले असते."

दादा आत निघून गेले. टेम्पो निघताना मात्र पुढच्या सीटवर, ताईंच्या शेजारी, तेच बसले होते.

मी नंतर नोकरी बदलून बंगळुरूला गेलो. महिन्या-दोन महिन्यांनी ताईंचा फोन येई. दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात मुक्ताचा आला. ताई झोपेतच गेल्या होत्या. मला पोहोचायला दोन दिवस लागले.

हडपसरच्या त्या खोलीत दादा एकटेच बसले होते. ताईंची मैत्रीण बाजारात गेली होती. ते टेबलावरच्या वस्तू उचलून पाहत होते आणि पुन्हा जागच्या जागी ठेवत होते. इतक्यात फोन वाजला. मी उठणार तोच त्यांनी उचलला.

पलीकडचा माणूस मोठ्यानं बोलत होता, मलाही ऐकू येत होतं. परभणीचा होता. संगणकाचा आवाज बंद पडलाय, म्हणाला, मॅडमना द्या. दादांनी त्याला सांगितलं. तो माणूस रडायलाच लागला. त्याला काम मिळालं होतं ते मॅडममुळे, असं काहीसं सांगत होता. दादा ऐकत राहिले. चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस, फोन दोन्ही हातांनी धरून.

शेवटी पलीकडून प्रश्न आला, "आपण कोण बोलताय?"

ताई दादांपेक्षा बारा वर्षांनी लहान होत्या. त्यांना दादांनी अंगाखांद्यावर खेळवलेलं, बोट धरून शाळेत नेलेलं. जन्मभर त्या त्यांच्यासाठी 'नली' होत्या.

दादा म्हणाले, "मी त्यांचा भाऊ."