चार्टवरचा दोनचा आकडा

मंगळवारी मी एका पेशंटच्या दुखण्याचा आकडा चुकीचा लिहिला.

मी उस्मानपुऱ्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये सर्जिकल वॉर्डला नर्स आहे. पेशंट खुलताबादकडची, तिशीची, पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. शून्य ते दहा, किती दुखतंय... हा प्रश्न आम्ही दिवसातून अनेकदा विचारतो.

सकाळी विचारलं तेव्हा शेजारी सासरे बसले होते. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, हसली. "नाय दुखत."

सासरे कौतुकाने म्हणाले, "आमची सून लई सोशिक हाये, सिस्टर. दोन बाळंतपणं झाली, पण हूं का चूं नाय!"

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी शून्य लिहायला मन धजेना, म्हणून दोन लिहिला. गरज लागल्यास द्यायचं इंजेक्शन दिलं नाही.

बारा वाजता पल्स वाढून एकशे बारा. ताप नाही, रक्तस्राव नाही. पण श्वास वरवरचा, आणि खोकायला सांगितलं की नुसती मान हलवायची... कफ छातीत साठला तर न्यूमोनियाची भीती असते.

वॉर्डातल्या मावशी चादर बदलता बदलता म्हणाल्या, "सिस्टर, शिकल्यात लई तुम्ही. सासऱ्याम्होरं सून दुखतंय म्हनंल व्हय? त्यास्नी च्याला धाडा की."

मी सासऱ्यांना चहाला पाठवलं. पडदा ओढला, पुन्हा विचारलं.

तिने आधी दाराकडे पाहिलं. "आठ... नऊ म्हना. हसलं तरी टाके ओढत्यात."

"मग सकाळी का नाही सांगितलंत?"

"मामंजी व्हते ना."

इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने आकडा तीनवर आला. पोटाशी उशी धरून ती पहिल्यांदा नीट खोकली.

तेवढ्यात सासरे परतले. "बघा, म्हनलं नव्हतं? काहीच दुखत नाय तिला!"

ती माझ्याकडे बघून हसली.

दुखण्याचं मोजमाप मला पाठ आहे, परीक्षेत त्यावर चांगले मार्क होते... कुणासमोर विचारायचं, हे मावशींनी शिकवलं.

चार्टवरचं काही खोडायचं नसतं. त्यामुळे सकाळचा दोन तसाच आहे, खाली नऊ आहे. दोनच्या शेजारी, शेऱ्याच्या रकान्यात, मी माझ्या सहीने लिहिलं... 'नातेवाइकांसमोर विचारले.'