मला न विचारता बाळाचा फोटो

मंडळी, मी सांगतेय आणि जाऊबाई कंप्युटरवर टाइप करतायत.

आज इथल्या बसवनगुडी भागातल्या स्टुडिओत बाळाचा फोटो आणायला गेले. बघते तर फोटोत लेकीच्या गालावरची तीट गायब! दृष्ट लागू नये म्हणून मीच लावली होती.

कानडी स्टुडिओवाला हसला. "डाग होता अक्का, कंप्युटरवर पुसला. आमच्या इंटरनेटच्या पानावर पण टाकलाय. अमेरिकेतून लोक बघतात, गिऱ्हाईक वाढतं."

तीट नाही आणि सगळं जग बघतंय!

"मला विचारलं का?"

"स्वल्प समजून घ्या अक्का. फोटो फुकट घेऊन जा. शिकलेले लोक काही म्हणत नाहीत."

"मी चौथी शिकले. म्हणून माझी लेक तुमच्या दुकानाची पाटी होय? काढा आधी."

इंटरनेटची लाइन लागत नाही म्हणाला. लागेल तेव्हा लागेल म्हटलं, आणि कडेवरच्या बाळाला घेऊन दारातच मांडी घालून बसले. गिऱ्हाइकं थबकली. मग लागली लाइन! माझ्यासमोर पानावरून काढला.

तोवर कुणी कुणी पाहिला, देव जाणे. भीती वाटतेच. पण परत टाकला तर परत जाऊन बसेन.

तुमच्या लेकरांचे फोटो कुठे कुठे लागलेत, विचारलंत कधी?