बेटावर अडलेली बस

अंदमानातल्या एका छोट्या बेटावर आमची टूरची बस अडली, तेव्हा शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांनी आधी पायातले बूट काढले आणि सीटवरच ऐसपैस मांडी घातली. समोर बायका रिकामे हंडे मांडून रस्त्यात बसल्या होत्या. हॉटेलांना पाणी मिळतं, वस्तीला मिळत नाही, असं ड्रायव्हर सांगत होता. तासाभरात आमची परतीची बोट सुटणार होती आणि मी नुसता चडफडत होतो.

"सायेब आल्याबिगर कोन उठायचं न्हाई," गृहस्थ मिशीवरून अंगठा फिरवत म्हणाले. ते चाकणजवळच्या महाळुंग्याचे, मी पुण्यातल्या पिंपळे गुरवचा. नाव विचारायचं राहूनच गेलं.

"पण आपण काय घोडं मारलंय यांचं?"

"काय बी न्हाई. आमी गावच्या रस्त्यासाठी बसलो, तवा कंपनीच्या बसच अडवल्या व्हत्या. गावातली माणसं अडवून कोन सायेब येतो, राव?"

 चाकणला कामावर जाताना कंपनीच्या अशाच एका अडलेल्या बसमध्ये बसून मी गाववाल्यांना शिव्या घातल्या होत्या.

अखेर साहेब आले. हंड्यांमधून वाट काढत ते थेट आमच्या बसमध्ये चढले आणि हात जोडून म्हणाले, "आप लोगों को तकलीफ तो नहीं हुई?"

इतका वेळ मनात घोळवलेली तक्रार माझ्या तोंडून निघेना. गृहस्थ मात्र मांडी न मोडता म्हणाले, "हमको क्या पूछता, साब? पीछे देखो."