मिठाची परवानगी

पुण्याला जिथं डॉक्टरकी शिकवतात, त्या मोठ्या दवाखान्यात माझी बायको तीन आठवडे होती. नव्वद साल उलटून चारपाच वर्षं झाली असतील. तिचं काळीज फुगलं होतं, अंगात पाणी साठत होतं. म्हणून मीठ बंद. पाणीसुद्धा मापानं. अळणी वरण, अळणी भात. ती ताटाकडं बघायची आणि म्हणायची, "आपल्या म्हशीचं आंबोण बरं ह्याच्यापरीस."

रोज सकाळी थोरले डॉक्टर यायचे, मागं पंधरावीस शिकाऊ पोरंपोरी. एकेकानं तिच्या नडगीवर बोट दाबायचं. खड्डा पडायचा. तो भरायला किती वेळ लागतो, हे सगळ्यांनी बघायचं. बायको म्हणायची, "माज्या पायावर समदी पोरं डाक्टर झाली."

मग एका सकाळी ती मंडळी आमच्या खाटेपाशी थांबलीच नाहीत. थोरल्या डॉक्टरांनी जाता जाता तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या खाटेकडं गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. मला बरं वाटलं. बघण्यासारखा आजार राहिला नाही, असं मी धरलं. मी जन्म मेंढरांमागं काढलेला माणूस. कळपातलं कुठलं मेंढरू जाणार, ते मला आठ दिवस आधी कळायचं. ती अक्कल तिथं कुठं गेली, देव जाणे.

तिसऱ्या दिवशी एक शिकाऊ डॉक्टरीण मला जिन्यापाशी घेऊन गेली. पोरगी नातीच्या वयाची. म्हणाली, "आजोबा, आजींना आता घरी न्या. मीठ द्यायला हरकत नाही. मागतील ते खाऊ द्या."

पुढंही ती बरंच बोलली, हळू आवाजात. दम लागला तर कुठली गोळी, उशाला काय ठेवायचं. मी मीठ ऐकलं आणि बाकी काही ऐकलं नाही. त्यात तिची चूक नाही.

मी खाली जाऊन पेढे आणले. बायकोला सांगितलं, मीठ सुरू केलं. तिनं दोनदा विचारलं, "मीठ द्या म्हनली? तीच म्हनली?" मी सगळ्या वॉर्डात पेढे वाटत फिरलो. नर्सबाईनं पेढा हातात घेतला आणि तसाच ट्रेवर ठेवला. त्या डॉक्टरणीनं घेतला, पण माझ्याकडं बघितलं नाही. बायकोनं मात्र आख्खा खाल्ला.

एसटीनं बारामतीला आलो, तिथून जीप करून आमच्या गावी, कळसला. जीपमध्येच ती म्हणाली, लेकीला बोलवा. लेक दिलेली सोमेश्वरनगरला, जावई साखर कारखान्यात. मी म्हणालो, ऐन सीझन चाललाय, कशाला तिचा संसार मोडायचा, तू बरी झालीस, संक्रांतीला येईलच ती. बायको बाहेर बघत बसली.

घरी आल्यावर मीच सुनेला सांगून खारवांगं करायला लावलं, मीठ जरा वरचढच. तिनं दोन घास खाल्ले. पाय पुन्हा फुगू लागले. निजली की दम कोंडायचा, म्हणून भिंतीला टेकून बसायची. लेकीचं नाव ती रोज एकदा काढायची. मी रोज संक्रांत सांगायचो. शेजारीपाजारी म्हणायचे, आबा, वैनी लई उतरली. मी म्हणायचो, दवाखान्याचा शीण हाय, जाईल.

नवव्या दिवशी दुपारी सून रानात गेल्यावर तिनं मला जवळ बसवलं.

"समोरच्या खाटंवरली म्हातारी आठवती? तिचं मीठ सुरू केलं आन् ती चवथ्या दिशी गेली. मीठ दिलं म्हंजी डाक्टरनी हात टेकलं. मला तवाच कळलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी पेढं वाटत हुता. लगनात बी इतकं हासला न्हवता."

मला राग आला. उठून उंबऱ्यापर्यंत गेलो. मागनं ती म्हणाली, "आता तरी लेकीला आना."

तांबडं फुटायला निघालो. बारामतीच्या पुढं रस्ताभर उसाच्या बैलगाड्या, एसटी त्यांच्या मागं रांगत चाललेली. लेक दारातच होती. माझं तोंड बघून तिनं चुलीवरचं दूध तसंच उतरवलं आणि पायात चप्पल घातली.

आम्ही दुपार कलताना घरी पोचलो. बायको बसूनच होती, डोळे उघडे, वाचा मात्र गेली होती. लेकीनं हाक मारली. तिनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, हनुवटीपर्यंत आणला आणि तिथंच ठेवला. दिवस मावळायच्या आत गेली.

माती देऊन आल्यावर लेकीनं मला विचारलं, "आई मला कवाधरनं बोलवत हुती?"

मी म्हणालो, "कालपासनं."

ती म्हणाली, मग तुमी लगीच आलासा, बरं केलंत. माझ्या पाठीवरून हात फिरवून ती आत गेली. बायको तिला नऊ दिवस बोलवत होती. नऊ दिवस दोघींना पोटभर बोलता आलं असतं. लेक शिकलेली आहे, हे लिहिलेलं वाचेल. तोंडानं सांगायची माझी छाती झाली नाही.